ग्रीक देवांच्या प्रेमकथा वाचायच्यात? मग वंशावळ बाजूला ठेवा

ग्रीक देवांशी आपली पहिली ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते: झ्यूस फार बाहेरख्याली होता. मीही तिथूनच आत शिरले आणि लगेच पहिली चूक केली. ड्रॉइंग पेपरचा मोठा ताव आणला, वर मधोमध झ्यूस लिहिलं आणि कोणाचं कोणाशी जमलं, कोणाला कोण झालं याचे बाण काढत सुटले. दोन तासांत कागदाचं जळमट झालं. अफ्रोडायटीचे जन्म दोन निघाले, हेफायस्टसच्या बायका दोन निघाल्या, आणि एरॉसला आईबाप आहेत की नाहीत यावर दोन पुस्तकांचं एकमत होईना. ताव गुंडाळून माळ्यावर टाकला. वंशावळ सगळ्यात शेवटी काढायची असते, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर खालच्या क्रमाने जा.

पायरी 1: वहीत काळाची एक रेघ ओढा

या रेघेवर चार खुणा पुरेत. पहिली खूण होमरच्या 'इलियड' आणि 'ओडिसी'ची आणि हेसिअडच्या 'थिओगनी'ची, साधारण इ.स.पू. 8वं-7वं शतक. दुसरी होमरच्या नावावर मोडणाऱ्या पण त्याच्या नसलेल्या देवस्तोत्रांची. त्यातली मोठी स्तोत्रं बहुतेक इ.स.पू. 7व्या-6व्या शतकातली. तिसरी अथेन्सच्या नाटकांची, इ.स.पू. 5वं शतक. चौथी ऑविड या रोमन कवीच्या 'मेटामॉर्फसीस'ची, इ.स. 8 च्या आसपास, आणि तीही लॅटिनमध्ये. पहिल्या आणि चौथ्या खुणेत सातशे वर्षं आहेत. ज्ञानेश्वरी 1290 ची. ती आणि आपण यांच्यात जेवढा काळ गेला, जवळपास तेवढाच.

ही रेघ कशाला, ते मेडुसाच्या गोष्टीत कळतं. नेटवर सगळीकडे फिरते ती गोष्ट अशी: सुंदर केसांची मुलगी, मंदिरातच समुद्रदेवाने तिच्यावर बलात्कार केला, आणि देवीने शिक्षा दिली ती तिलाच, तिच्या केसांचे साप केले. ही गोष्ट ऑविडची. सातशे वर्षं मागे जाऊन हेसिअड उघडा. तो म्हणतो, पोसायडन तिच्यापाशी मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांमध्ये निजला. एवढंच. मंदिर नाही, जबरदस्तीचा उल्लेख नाही, अथीनेचा शाप नाही. यातली 'खरी' कोणती, हा प्रश्नच इथे चालत नाही. कोण सांगतंय, कधी सांगतंय आणि समोर कोण बसलंय, हे तीन प्रश्न चालतात. पुढच्या प्रत्येक पायरीला हेच तीन विचारायचे.

अफ्रोडायटीचंही तसंच. होमरच्या लेखी ती झ्यूस आणि डायोनीची मुलगी. हेसिअडच्या लेखी क्रोनसने बापाचं, म्हणजे उरेनसचं, लिंग कापून समुद्रात फेकलं, त्याभोवती जमलेल्या फेसातून ती वर आली. आधी किथेराजवळून वाहत गेली आणि मग सायप्रसला किनाऱ्यावर उतरली. प्लेटोच्या 'सिम्पोझिअम'मध्ये एक वक्ता या दोन जन्मांच्या सरळ दोन देव्याच करून टाकतो, एक स्वर्गीय प्रेमाची आणि दुसरी सर्वसामान्य. म्हणजे गोंधळ ग्रीकांनाही दिसत होता. त्यांनी तो पुसला नाही, वापरला.

रोमन नावांच्या यादीत फार अडकू नका. व्हीनस म्हणजे अफ्रोडायटी, क्युपिड म्हणजे एरॉस, ज्युपिटर म्हणजे झ्यूस, एवढं सध्या पुरे.

पायरी 2: पहिली गोष्ट 'ओडिसी'च्या आठव्या सर्गातली

ओळी 266 ते 366. इंग्रजी अनुवाद कोणताही चालेल, जुने तर फुकट मिळतात. फक्त कडेला ओळींचे आकडे छापलेला घ्या, म्हणजे दोन अनुवाद शेजारी ठेवून ताडता येतात. सारांश वाचू नका. शंभर ओळी आहेत, चहा गार व्हायच्या आत होतात.

फीएशियन लोकांच्या राजाच्या दरबारात डेमोडोकस नावाचा आंधळा गायक गातो आहे. अफ्रोडायटी ही लंगड्या लोहारदेवाची, हेफायस्टसची बायको. तिचं युद्धदेव आरेसशी जमलंय. सूर्यदेव हेलिओस सगळं वरून बघतो आणि नवऱ्याच्या कानावर घालतो. हेफायस्टस आरडाओरडा करत नाही, भट्टीवर जातो. कोळ्याच्या जाळ्याइतक्या बारीक, देवांनाही न दिसणाऱ्या साखळ्या घडवतो, पलंगाच्या खुरांभोवती गुंडाळतो, वर तुळयांवरून सोडतो आणि लेम्नॉसला निघाल्याचं नाटक करतो. आरेस टपलेलाच असतो. दोघं पलंगावर पडतात आणि साखळ्या आवळतात. हात हलेना, पाय हलेना.

आता नीट बघा. हेफायस्टस दारात उभा राहून देवांना हाका मारतो आणि मागतो काय, तर लग्नात सासऱ्याला दिलेलं देज परत. सासरा म्हणजे झ्यूस. प्रेमभंगाचं दुःख आहेच, पण त्याच्याबरोबर हिशेबही आहे. देव जमतात आणि हसत सुटतात. देवी मात्र लाजेने घरीच थांबतात. कवी ते मुद्दाम सांगतो. अपोलो हर्मिसला विचारतो, काय रे, अशा साखळ्यांत अफ्रोडायटीशेजारी पडायला आवडेल का? हर्मिस म्हणतो, याच्या तिप्पट साखळ्या असू देत आणि सगळ्या देव-देवी बघायला असू देत, तरी चालेल. पुन्हा हशा. एकटा पोसायडन हसत नाही. तो गयावया करतो, जाराचा दंड आरेसने बुडवला तर मी भरीन, असा जामीन राहतो, तेव्हा कुठे सुटका होते. आरेस थ्रेसला पळतो. अफ्रोडायटी सायप्रसमधल्या पॅफॉसला जाते, तिथे तिला न्हाऊमाखू घालतात, तेल लावतात, नवी वस्त्रं नेसवतात. तिचं काही बिघडत नाही.

मग तीन प्रश्न विचारा. ऐकणाऱ्यांत ओडिसियस, युद्धावरून घरी परतू पाहणारा नायक, बसला आहे. त्याच्या घरी बायको एकटी आहे आणि मागणी घालणाऱ्यांनी वाडा भरला आहे. त्याच्यासमोर हे गाणं! कवी लिहितो की त्याला ऐकून आनंद झाला. या ओळीवर मी दरवेळी थांबते.

पायरी 3: मग 'इलियड'चा चौदावा सर्ग

इथे नवरा-बायकोच आहेत, पण हेतू सरळ नाही. हेराला ट्रॉयच्या लढाईवरून झ्यूसचं लक्ष उडवायचं आहे. ती महालात जाते आणि मुलाने, म्हणजे हेफायस्टसनेच, बसवलेल्या गुप्त कडीने दार लावून घेते. होमर तिची तयारी एकेक करून सांगतो: अंग स्वच्छ केलं, सुगंधी तेल लावलं, वेण्या घातल्या, अथीनेने विणलेलं वस्त्र, शंभर गोंड्यांचा कमरपट्टा, कानात तीन-तीन लोलकांची कर्णभूषणं, डोक्यावर सूर्यासारखी उजळ ओढणी. इतर सर्गांत योद्धे चिलखत चढवतात त्याच पद्धतीने हे सांगितलंय. ती लढाईलाच निघाली आहे.

मग ती अफ्रोडायटीकडून तिचा भरजरी पट्टा उसना आणते. कारण सांगते खोटं: ओशनस आणि टेथिस या म्हाताऱ्या जोडप्याचं बिनसलंय, ते एका अंथरुणात येत नाहीत, त्यांचा समेट करायला चालले आहे. त्या पट्ट्यात प्रेम आहे, वासना आहे, कुजबुज आहे, आणि शहाण्याचीही अक्कल पळवणारं लाघव आहे. निद्रादेव हिप्नॉसला वश करायला ग्रेसेस या लावण्यदेवींपैकी एकीशी, पासिथिआशी, लग्न लावून द्यायची लाच देते.

झ्यूस तिला पाहून विरघळतो आणि कौतुक म्हणून काय ऐकवतो? आपल्या जुन्या प्रकरणांची यादी! इक्झिऑनची बायको, डॅनाए, युरोपा, सेमेली, अल्कमीनी, डिमीटर, लीटो, यांच्यापैकी कुणासाठीही मला एवढी ओढ वाटली नव्हती. हेरा गप्प ऐकून घेते. तिला काम साधायचं असतं. उघड्या डोंगरावर कोणी बघेल म्हणते, तर तो सोन्याचा ढग पांघरतो. खाली जमिनीतून कोवळं गवत, दव भरलेलं लोटस (हे कमळ नव्हे, क्लोव्हरसारखं रानगवत), केशर आणि हायसिंथ उगवतात. संपूर्ण 'इलियड'मध्ये इतकी सुंदर ओळ क्वचित.

पण पंधरावा सर्गही वाचायचाच. झ्यूस जागा होतो, डाव ओळखतो आणि हेराला आठवण करून देतो: तुझ्या पायांना दोन ऐरणी बांधून तुला आकाशात लटकवलं होतं, विसरलीस का? गोड प्रसंगाच्या पाठीला पाठ लावून ही मारहाण आहे, आणि ऐकणाऱ्यांना ती खटकली असेल असं कवीच्या सुरावरून तरी वाटत नाही.

तरुणांना देवांच्या कोणत्या गोष्टी ऐकवू नयेत हे सांगताना प्लेटोने 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात नेमके हे दोन प्रसंग धरले, आरेसच्या साखळ्या आणि झ्यूस-हेराचा डोंगर. त्याच्या आधी झेनोफनीस या कवी-तत्त्वज्ञानेही तक्रार केली होती की होमर आणि हेसिअड यांनी चोरी, व्यभिचार आणि फसवणूक देवांच्या गळ्यात बांधली. तेव्हा 'त्या काळी सगळ्यांना हे चालत होतं' असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

पायरी 4: झ्यूसच्या भानगडींचा तक्ता

आता वही काढा. चार रकाने: कोणाला ओढ लागली, कोणतं रूप किंवा कोणती युक्ती, समोरच्याची इच्छा होती का, आणि पुढे कोण जन्मलं. डॅनाए: सोन्याचा पाऊस, पर्सियस. युरोपा: बैल, मिनॉस. लीडा: हंस, हेलन. अल्कमीनी: तिच्या नवऱ्याचंच रूप, हेराक्लीस. दहा ओळी भरल्या की शेवटचा रकाना बोलायला लागतो. देवांच्या संगात मूल ठरलेलं. त्या मुलाच्या नावावर एखादं राजघराणं किंवा एखादं गाव उभं असतं. प्रत्येक गावाला आपला मूळपुरुष देवाचा हवा होता, आणि देवांत सगळ्यात वरचा झ्यूस. शिवाय जागोजागच्या देवींच्या पूजा एका कथेत आल्या तशा त्याच्या बायका वाढल्या. डोडोनाच्या देवस्थानात त्याच्या शेजारी डायोनी होती, हेरा नव्हे. हेसिअड तर हेराला त्याची सातवी आणि शेवटची बायको म्हणतो. पहिली मेटिस, जिला त्याने गिळून टाकलं.

तिसरा रकाना मात्र पहिल्या फेरीत बराचसा रिकामा राहील. त्याच्यासाठी पुढची पायरी.

पायरी 5: क्रियापद तपासा

मुलांसाठीच्या पुस्तकांत देव 'मोहित होतात', 'प्रेमात पडतात', 'घेऊन जातात'. मूळ मजकुरात पळवून नेलेलं असतं. डिमीटरचं स्तोत्र याचा सगळ्यात चांगला धडा आहे. धान्यदेवी डिमीटरची मुलगी पर्सेफोनी मैत्रिणींबरोबर फुलं तोडते आहे. शंभर फुलांचा एक नार्सिसस तिला भुलवायलाच उगवलेला आहे. ती हात लावते, जमीन दुभंगते, पाताळाचा राजा हेडीस रथातून वर येतो आणि ओरडणाऱ्या मुलीला घेऊन जातो. बाप झ्यूसची आधीच संमती आहे. आईला कोणी विचारलेलं नाही.

नऊ दिवस आई मशाली घेऊन अन्नपाण्याशिवाय फिरते. शेवटी हेलिओस तिला खरं सांगतो आणि वर समजूत घालतो: एवढा शोक नको करू, जावई काही कमी नाही, तुझा सख्खा भाऊ आहे, मोठ्या वाट्याचा धनी आहे. थोडक्यात, स्थळ वाईट नाही. अथेन्समध्ये मुलगी चौदा-पंधराची, नवरा तिशीचा आणि व्यवहार बाप आणि जावई यांच्यात. हे ऐकणाऱ्या बायकांना त्या वाक्यात आपलंच लग्न ऐकू आलं असणार.

डाळिंबाच्या दाण्याकडे नीट बघा. कवी आधी सांगतो की हेडीसने तो तिला हळूच खायला घातला. नंतर पर्सेफोनी आईला सांगते तेव्हा म्हणते, मला नको असताना जबरदस्तीने खायला लावला. एकाच काव्यात दोन साक्षी. कवीने त्यांचा मेळ घातलेला नाही, आपणही घालू नये. वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली राहावं लागतं, एवढं मात्र दोन्हींत पक्कं आहे.

पायरी 6: पुरुष देव आणि तरुण मुलं

इथे नवखा वाचक दोन टोकांना जातो: एक तर हे सगळं झाकतो, नाही तर आजचे शब्द जसेच्या तसे चिकटवतो. दोन्ही नको. गॅनिमीड होमरमध्ये फक्त रूपामुळे देवांनी नेलेला प्याला भरणारा मुलगा आहे. शृंगाराचा अर्थ नंतरच्या कवितेत येतो, कारण तोवर श्रीमंत ग्रीक घरांत वयाने मोठा पुरुष आणि मिसरूड न फुटलेला मुलगा यांच्या नात्याची रीत रुळलेली होती. ऑलिम्पियाच्या संग्रहालयात इ.स.पू. 480-470 च्या सुमाराची भाजक्या मातीची मूर्ती आहे: झ्यूस मुलाला काखेत मारून चालला आहे आणि मुलाच्या हातात कोंबडा. कोंबडा ही त्या रीतीतली ठरलेली भेट. आपल्याला आज जे खटकतं, म्हणजे वय आणि सत्ता यांची तफावत, ते नीट खटकू द्या. बापाला, ट्रॉसला, भरपाई म्हणून घोडे मिळाले, हेही लिहून ठेवा.

पिंडार या कवीचं इ.स.पू. 476 चं विजयगीत यापुढे वाचण्यासारखं आहे. देवांनी पेलॉप्स या राजपुत्राचं मांस खाल्लं ही जुनी गोष्ट त्याला देवांची निंदा वाटते, म्हणून तो सांगतो की छे, पोसायडनला तो आवडला होता आणि त्याने त्याला पळवून नेलं. मांस खाणं अशक्य, पळवून नेणं शोभतं! एका समाजाची लाज कुठे असते हे यापेक्षा स्वच्छ कुठे कळेल? अपोलोच्या लाडक्या हायसिंथसची गोष्ट मात्र शोकाची आहे. थाळीफेकीत अपोलोच्याच थाळीने तो मेला, आणि स्पार्टाजवळ अमिक्लीला अपोलोच्या मूर्तीखालीच त्याची समाधी होती.

पायरी 7: नाही म्हणणाऱ्या, आणि मागताना चुकलेली

अफ्रोडायटीचा जोर चालत नाही अशा तिघी: अथीना, आर्टेमिस, हेस्टिया. हेस्टियाला पोसायडन आणि अपोलो दोघांनी मागणी घातली होती. तिने झ्यूसच्या मस्तकाला हात लावून शपथ घेतली आणि घराची चूल पत्करली.

हे ज्या अफ्रोडायटीच्या स्तोत्रात आहे त्यातच उषेची, म्हणजे इऑसची, गोष्ट आहे. तिने टिथोनस या माणसासाठी झ्यूसकडे अमरत्व मागितलं आणि तारुण्य मागायचं विसरली. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा ती त्याच्या अंथरुणात जाईनाशी झाली, पण जेवूखाऊ घालत राहिली. हातपाय उचलेनासे झाले तेव्हा त्याला खोलीत ठेवून दार लावून घेतलं. आतून त्याचा आवाज अखंड येत राहतो. ही गोष्ट अफ्रोडायटी कोणाला सांगते? अँकायसिस या मर्त्य माणसाला, त्याच्याबरोबर निजून झाल्यावर, तुला अमर का करत नाही याचं कारण म्हणून.

पायरी 8: आपल्या पुराणांशी तुलना, पण जपून

अल्कमीनी वाचताना अहल्या आठवणारच. नवऱ्याचं रूप घेऊन आलेला देव दोन्हीकडे आहे. भाषेचा धागाही खरा आहे: झ्यूस आणि वेदांतला द्यौः, इऑस आणि उषस् हे शब्द एकाच मुळाचे. पण शब्द एका मुळाचे म्हणून गोष्टीही तशाच, असं समजू नका. अहल्येच्या कथेत शाप आहे, उद्धार आहे. अल्कमीनीला शाप नाही, उद्धाराची गरज नाही. तिला जुळी होतात, एक देवाचा आणि एक नवऱ्याचा. फरकाची यादी साम्याच्या यादीपेक्षा लांब झाली तर तुमचं वाचन बरोबर चाललं आहे.

पायरी 9: गोष्टींबाहेर बघा

या देवांची पूजा होत होती. नॉप्लिआजवळ कॅनाथॉस नावाचा झरा होता. हेरा दरवर्षी त्यात न्हाऊन पुन्हा कुमारी होते असं आर्गॉसचे लोक मानत. अथेन्सच्या बायका अडोनिसच्या, म्हणजे अफ्रोडायटीच्या तरुणपणीच मेलेल्या प्रियकराच्या, सणाला फुटक्या मडक्यांत लेट्यूस, बडीशेप पेरून गच्चीवर उन्हात ठेवत, आणि ते कोवळेपणीच वाळलं की त्याच्यासाठी रडत. पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीत हेरा झ्यूसकडे वळून नववधूसारखी ओढणी बाजूला करते आहे. भांडखोर बायको कवींची. दगडातली ही दुसरीच.

एक मूर्ती तर आपल्याकडेच आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, रोमन व्यापाराबरोबर आलेली. ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तिच्यासमोर उभं राहायच्या आधी 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गातली टायरो वाचून जा. तिचं प्रेम एनिपियस नदीवर. पोसायडन त्या नदीचं रूप घेतो, डोंगराएवढी लाट दोघांवर कमान धरते. नंतर तो तिचा हात हातात घेऊन सांगतो: वर्ष फिरेल तेव्हा तुला तेजस्वी मुलं होतील, देवांची शय्या वांझ नसते. घरी जा, गप्प राहा, माझं नाव घेऊ नकोस.

ती मेल्यावर पाताळात ओडिसियसला भेटते, आणि तिची गोष्ट तो सांगतो त्याच दरबारात, जिथे आंधळ्या गायकाने साखळ्यांचं गाणं म्हटलं होतं. तिच्यामागून अल्कमीनी, लीडा आणि इतर कितीतरी जणी येतात. तो थांबतो. सगळा दरबार गप्प होतो. आणि पहिल्यांदा बोलते ती राणी, अरीटी.